बाहेर पडतानाची झडती

आजकाल इंदूर बघायला लोक येतात. अहो, खरंच येतात! आमच्या लहानपणी इंदूरला कोणी आलं तर ते लग्नाला नाहीतर तेराव्याला. उज्जैन-ओंकारेश्वर करणारे वाटेत एक मुक्काम टाकायचे, बस्स. आता स्टेशनवर उतरल्या उतरल्या विचारतात, पोहे-जलेबी कुठली चांगली, राजवाडा किती लांब, आणि रस्त्यात कागदाचा कपटा दिसत नाही म्हणून रस्त्याचेच फोटो काढतात. माझ्या गावाचं कौतुक होतं, मला का वाईट वाटेल? पण त्यातला एखादा म्हणाला, "तो जुन्या मिलच्या जागेवरचा मॉल पण दाखव हं," की आजही मी आधी दुसरंच काहीतरी सुचवून बघते. मग हसून हो म्हणते.

माझे बाबा त्या मिलमध्ये होते. आजोबा खानदेशातून आले ते मिलच्या ऑफिसात कारकून म्हणून. बाबांचं डोकं कागदात कमी आणि यंत्रात जास्त, म्हणून ते लूम खात्यात, म्हणजे मागांवर लागले. आजोबांना याचं मरेपर्यंत वाईट वाटलं, बाबांना एक दिवसही नाही.

आमचं घर मिलपासून इतकं जवळ की भोंगा झाला की भांड्यांची मांडणी थरथरायची. संध्याकाळच्या भोंग्याला मी गेटासमोर जाऊन उभी राहायची. माणसं रांगेनं बाहेर यायची, आणि प्रत्येक जण चौकीदारापुढे थांबून दोन्ही हात वर करायचा. चौकीदार खिसे चाचपायचा, कमरेवरून हात फिरवायचा, डबा उघडून बघायचा. कापड गुंडाळून कोणी बाहेर नेऊ नये म्हणून रोजची झडती. मला तेव्हा ते काही कळत नव्हतं. देवळातून निघताना जसं पुन्हा एकदा हात जोडतात, तसं मिलमधून निघताना हात वर करायचे असतात, अशी माझी समजूत होती.

म्हणून मी घरीही तेच सुरू केलं. बाबा दारात आले की मी उंबरठ्यावर आडवी. "हात वर करा!" बाबा डबा खाली ठेवून मुकाट्यानं हात वर करायचे. मी खिसे तपासायची आणि शर्टाच्या वरच्या खिशात हमखास एक लिंबाची गोळी सापडायची. "चोर पकडला!" मी ओरडायची. बाबा अगदी रडका चेहरा करायचे, "साहेब, पहिलीच वेळ आहे, सोडा न." आई आतून म्हणायची, "झाली का तुमची तलाशी? चहा थंड होतोय." असं रोज. पहिलीच वेळ रोज असायची.

मग मिल बंद झाली. बंद होणार, बंद होणार असं मोठी माणसं किती दिवस म्हणत होती, पण पाऊस येणार म्हणतात तसं ते आम्ही ऐकून सोडून देत होतो. त्या दिवशी भोंगा झालाच नाही आणि बाबा दुपारीच घरी आले. मी पाचवी-सहावीत असेन. मला काय, बाबा लवकर आले याचाच आनंद. मी धावत उंबरठ्यावर गेले आणि म्हटलं, "हात वर करा!" बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि बाजूनं आत निघून गेले. भिंतीकडे तोंड करून आडवे झाले. मी कितीतरी वेळ दारातच उभी होते. त्यानंतर तो खेळ आमच्या घरात कोणी खेळलं नाही.

पुढचे महिने बाबा रोज डबा घेऊन गेटासमोर जाऊन उभे राहायचे. एकटेच नाही, पुष्कळ जण असायचे. हळूहळू एकेक जण कमी झाला. कोणी हातगाडी लावली, कोणी गावाकडे गेला, कोणाचं काय झालं ते आई मला सांगायची नाही, नुसतं "बिचारा" म्हणायची आणि बाबांकडे बघायची. त्या बघण्याचा अर्थ मला कळायचा. मला फार भीती वाटायची.

एक दिवस मिलची यंत्रं भंगारात निघाली. गेट उघडलं, ट्रक आत गेले आणि लूम मोडून भरून बाहेर आले. बाबा तिथं होते. ते पहिल्या ट्रकच्या मागे चालायला लागले. शेजारच्या काकांनी हाक मारली, "कहां चले, भिया?" पण बाबा थांबले नाहीत. त्या दिवशी घरी आले नाहीत, दुसऱ्या दिवशीही नाहीत. आईनं देव पाण्यात ठेवले. विहिरी बघून झाल्या, रेल्वेची पटरी बघून झाली. सगळे खालच्या आवाजात बोलत होते आणि मी आले की गप्प व्हायचे. शेवटी कोपऱ्यावरच्या दुकानात फोन आला. बाबा देपालपुरच्या धान्य मंडीत गव्हाच्या पोत्यांवर बसलेले सापडले होते. पायात चप्पल नव्हती, तळव्यांची चाळण झाली होती. तिथल्या हमालांनी त्यांना भाकर खाऊ घातली होती. आई मला घेऊन तिथं पोचली. आईला बघून एवढंच म्हणाले, "लूम नेले गं."

डॉक्टर म्हणाले, जिवावरचं पायावर निभावलं. पुन्हा असं झालं तर सांगता येत नाही. त्यांना त्या बाजूला जाऊच देऊ नका.

मग काय, आम्ही घरच उचललं. राऊला दोन खोल्या घेतल्या. तेव्हा राऊ म्हणजे गावाबाहेर, रात्री कोल्हे ओरडायचे. पण मिल तिथून लांब होती, आणि आईला तेवढंच हवं होतं. घरात एक अलिखित कायदा झाला, त्या रस्त्यानं कोणी जायचं नाही. बाबा सोबत असले की रिक्षावाल्याला आधीच सांगायचं, "भिया, घुमाके ले लो." लग्नाला जायचं असो की दवाखान्यात, लांबचा वळसा घेऊन. रिक्षावाले आम्हाला वेडं समजायचे. समजोत!

बाबा सावरले. भंवरकुआंला कोचिंग क्लास निघाले, बाहेरगावची पोरं होस्टेलात राहायला आली, आणि आईनं त्यांचे डबे सुरू केले. बाबा भाजी चिरायचे, डबे भरायचे, सायकलवर पोचवून यायचे. पोरांशी क्रिकेटच्या गप्पा मारायचे. बघणाऱ्याला वाटावं, हा माणूस किती मजेत आहे! पण बाबांना परत यायला जरा उशीर झाला की आई कणीक मळता मळता थांबायची. मी अभ्यास करता करता थांबायची. फाटकाची कडी वाजली की आम्ही दोघी एकदम श्वास सोडायचो आणि एकमेकींकडे बघायचं टाळायचो. असं एक वर्ष नाही, दोन वर्षं नाही, माझं कॉलेज संपून मी त्याच भंवरकुआंच्या एका क्लासमध्ये रिसेप्शनवर लागले तोपर्यंत.

तोपर्यंत इंदूरही ओळखू येईनासं झालं होतं. जिकडे तिकडे बोर्ड, नव्या गाड्या, नवी हॉटेलं. आमच्या मिलची चिमणी पाडली आणि तिथं काचेचा मॉल उभा राहिला. ऑफिसातल्या मैत्रिणींबरोबर मी एकदा जाऊन आले. खोटं कशाला बोलू, मला फार आवडलं! गारेगार हवा, लख्ख फरशी, अत्तराचा वास. ज्या गेटासमोर मी धुळीत उभी राहायची, तिथं कारंजं होतं. घरी मात्र चकार शब्द काढला नाही.

आणि मग दिवाळीनंतर पुण्याहून आत्या आली. बाबांची धाकटी बहीण, सोबत आतोबा. आत्या लग्न होऊन पुण्याला गेली आणि पुण्याचीच झाली, पण इंदूरच्या शेवेसाठी जीव टाकायची. यंदा तिच्या सोसायटीतलं कोणीतरी इंदूर बघून आलं होतं आणि तिला ऐकवून राहिलं होतं. आल्या दिवसापासून तिचं एकच, "अगं, तुमच्याकडे केवढा मोठा मॉल झालाय म्हणे! आमच्या मिलच्या जागेवर! मला आधी तोच बघायचाय."

आईनं तिला राजवाडा दाखवला, खजराण्याचा गणपती दाखवला, भुट्ट्याचा कीस खाऊ घातला, साड्यांच्या दुकानात दुपार घालवली. आत्या काही बधेना. शेवटी स्वयंपाकघरात आई हळूच म्हणाली, "तुम्ही दोघं जाऊन या. हे येणार नाहीत. यांना त्रास होतो."

"वहिनी," आत्या म्हणाली, तेही बाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, "इतकी वर्षं झाली. दादाला तुम्ही काचेच्या बरणीत घालून ठेवलंय. लोणचं आहे का तो?"

मला असा राग आला! ही वर्षातून एकदा येणार, शेव खाणार, आणि आम्हाला शिकवणार. देपालपुरला काय ही गेली होती? मी तोंड उघडणार तेवढ्यात बाबा दारात येऊन उभे. हातात भाजीची सुरी होती.

"चला न," बाबा म्हणाले. "मी पण येतो. बघू तरी काय बांधलंय."

आईच्या हातातली पळी कढईत पडली.

आतोबांनी आम्हा पाचही जणांसाठी व्हॅन ठरवली. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला. आई मला म्हणाली, "तू त्यांच्या शेजारीच राहा. हात सोडू नकोस." लहान मुलाबद्दल बोलतात तसं. व्हॅन निघाली आणि माझ्या तोंडून सवयीनं गेलं, "भिया, घुमाके ले लो."

ड्रायव्हरनं आरशातून बघितलं. "मॉल जाना है न दीदी? तो घुमाके कहां ले जाऊं?"

बाबा हसले. मला हसू आलं नाही. मी त्यांच्याकडे बघत होते. जुनी वळणं यायला लागली तसे ते खिडकीला नाक लावून बसले. पिठाची गिरणी गेली, चाळ गेली, आमचं जुनं घर होतं तिथं तीन मजली बिल्डिंग आली.  बाबांचा एक पाय एकसारखा हलत होता. मी मनात मारुतीचा धावा करत होते.

मॉलच्या दारात गार्डनं आतोबांना थांबवलं, अंगावरून यंत्र फिरवलं. मग बाबांना. बाबा बुचकळ्यात पडले.

"आत जाताना झडती घेतात?" त्यांनी मला विचारलं.

"हो बाबा. सगळीकडे अशीच असते."

"अच्छा," म्हणाले आणि आत गेले. माझा जीव जरा भांड्यात पडला.

आत काहीच झालं नाही! आपण नुसती भीती धरून बसतो. सरकत्या जिन्यापाशी आत्याचीच फजिती झाली. साडी सावरत पाय पुढे टाकायची आणि मागे घ्यायची. मागे रांग लागली. आतोबा वर पोचून तिकडून सूचना देत होते. बाबांनी तिचा हात धरला आणि तिला अलगद पायरीवर उभं केलं. "घाबरतेस काय? यंत्रच आहे," म्हणाले. वर गेल्यावर ते कठड्याशी उभे राहिले आणि बराच वेळ खाली बघत होते. मी लगेच शेजारी.

"आवाजच नाही," बाबा म्हणाले.

"कसला, बाबा?"

"इथं एवढा आवाज असायचा, शेजारच्याशी बोलायचं तर कानात ओरडावं लागायचं. किंवा ओठ बघून समजायचं." मग त्यांनी आतोबांना एक दुकान दाखवलं, रंगीत बूट टांगलेले होते. "दाजी, आमचं खातं इथंच कुठेतरी. चांगलं केलंय बरं का. स्वच्छ."

आम्ही आईस्क्रीम खाल्लं. बाबांनी आईसाठी हातरुमाल घेतले आणि सुटे नव्हते म्हणून काउंटरच्या पोरीनं टॉफी दिली तेव्हा तिला थँक्यू म्हणाले. आत्यानं माझ्याकडे बघून भुवया उडवल्या, म्हणजे बघ, मी सांगत नव्हते? आई हसली. लग्नाआधी तिच्या मैत्रिणी तिला हसरी म्हणायच्या म्हणे, मी तिला हसताना फार कमी वेळा बघितलं होतं. मला वाटलं, संपलं एकदाचं. आता आपण साध्या माणसांसारखं कुठल्याही रस्त्यानं जाऊ.

बाहेर पडायचं दार वेगळं होतं. बाबा सगळ्यांत पुढे. मी खरेदीच्या पिशव्या घेऊन दोन पावलं मागे राहिले, तेवढ्यात ते थांबले. दाराशी गार्ड उभा होता, विशीतला असेल. बाबांनी हातातली पिशवी खाली ठेवली. आणि दोन्ही हात वर केले.

"क्या हुआ, अंकल?" गार्ड म्हणाला.

बाबा तसेच उभे. हात वर, नजर समोर.

"निकलते टाइम चेकिंग नहीं होती, अंकल. जाइए आप."

"कर लो, भाई," बाबा म्हणाले.

मागे माणसं थांबायला लागली. कोणीतरी म्हणालं, "अरे आगे बढ़ो न!" एक मुलगी खुदकन हसली. आतोबा ओशाळून पुढे झाले, "अहो, इथे तसं काही नसतं, चला," आणि त्यांनी बाबांचा हात धरून खाली करायचा प्रयत्न केला. हात खाली येईना. आत्याचा चेहरा पांढरा पडला होता. "दादा," ती म्हणाली, "दादा, काय करतोयस रे?"

मी बाबांच्या समोर गेले आणि त्यांचे डोळे बघितले. तेच डोळे होते. गव्हाच्या पोत्यांवर बसून आमच्याकडे बघत होते तेच.  आता हे चालायला लागतील, मला वाटलं, या दारातून निघतील आणि थांबणार नाहीत, आणि या खेपेला मंडीतून फोन येणार नाही. आईनं माझं मनगट एवढं घट्ट धरलं की बांगडी रुतली. गार्ड कोणाला तरी वायरलेसवर बोलवायला लागला.

मला कोणी सुचवलं नाही. मी आईचा हात सोडवला, पिशव्या खाली ठेवल्या आणि बाबांची झडती घ्यायला लागले. पँटचे खिसे चाचपले. कमरेवरून हात फिरवला. पाठीवरून फिरवला. छातीपाशी आले तर आत हृदय धाडधाड उडत होतं. खाली बसून त्यांची पिशवी उघडली, बघितली, बंद केली. एवढी माणसं उभी होती, पण आता कोणी हसत नव्हतं. शेवटी शर्टाच्या वरच्या खिशात दोन बोटं घातली. टॉफी होती, काउंटरवरची.

ती मी बाहेर काढली. पुढे काय म्हणायचं ते मला पाठ होतं, पण मी ती नुसतीच त्यांच्यासमोर धरली.

बाबांनी मान खाली करून टॉफीकडे बघितलं, मग माझ्याकडे.

"साहेब," ते म्हणाले, "पहिलीच वेळ आहे."

त्यांचे हात खाली आले. पिशवी उचलून ते दारातून बाहेर गेले, आणि कारंज्यापाशी थांबून आमची वाट बघत उभे राहिले. मी पळत जाऊन त्यांचा शर्ट मागून धरला.

आम्ही व्हॅनमध्ये बसलो. आत्या डोळ्यांना पदर लावून बसली होती. थोड्या वेळानं बाबा माझ्याशीच बोलावं तसं बोलायला लागले.

"मिल बंद झाली न, त्या दिवशी गेटावर कोणी नव्हतं. चौकीदारसुद्धा निघून गेला होता. मी हात वर करून उभा राहिलो. मागचे म्हणाले, चल रे, आता कोण बघतंय. ढकललंच त्यांनी मला. तसाच बाहेर आलो. इतकी वर्षं असं वाटायचं, आपल्याला कोणी जा म्हणालंच नाही."

मी टॉफी मुठीत धरून बसले होते. ती मऊ झाली होती.

"आणि घरी आलो तर तू दारात," बाबा म्हणाले. "हात वर करा म्हणालीस. काय करणार? त्या दिवशी खिशात गोळी नव्हती गं."

मला रडू आवरलं नाही. ड्रायव्हरनं आरशातून आमच्याकडे बघितलं आणि हळूच विचारलं, "दीदी, वापसी में घुमाके लूं?"

"नहीं भिया, सीधे ले लो," बाबा म्हणाले.

तो सरळ रस्त्यानं निघाला. बाबा खिडकीबाहेर बघत होते, आणि आई बाबांकडे. राऊ येईपर्यंत तिनं त्यांच्या शर्टाची बाही सोडली नाही.